सरांची रिक्सिया

मला वाट पाहता येत नाही. स्टँडवर गाडी पाच मिनिटं उशिरा लागली तरी मी चौकशीच्या खिडकीशी दोनदा जाऊन येते. दूध तापेपर्यंत गॅससमोर उभं राहणं मला जमत नाही, त्यामुळे आमच्याकडे दूध नवऱ्यानं तापवायचं असं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरलं. आणि काम मात्र असं पत्करलं, की ज्यात घाई केली की हात भाजलाच.

पाथर्डी तालुक्यातल्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात लिव्हरवर्ट नावाच्या वनस्पतींच्या मागे असते. त्यांच्यातली रिक्सिया बऱ्याच जणांना नावानं ठाऊक असते, नववीच्या पुस्तकात एका ओळीत येऊन गेलेली. तिला फूल नाही, बी नाही, खोड नाही. ओल्या मातीला चिकटलेली, नखाएवढी, कडेला फाटे फुटलेली हिरवी चकती, एवढीच ती. आमच्या कोरड्या भागात ती पाझर तलावांच्या काठी येते. दिवाळीनंतर पाणी मागे हटायला लागतं, गाळाची ओल उघडी पडते आणि त्या ओलीवर तिला जेमतेम काही आठवडे मिळतात. तेवढ्यात तिला उगवायचं असतं, पोटातल्या पोटात बीजाणू पिकवायचे असतात आणि वाळून जायचं असतं. ही एकच वनस्पती मला माझ्या स्वभावाची वाटते.

मला ती पाहायला शिकवणारे सर नगरला राहतात. गाडीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, कंडक्टर अजून नगर म्हणूनच ओरडतो. सरांनी ऐंशी ओलांडली आहे. तरुणपणी त्यांना आमच्याच तालुक्यातल्या एका तलावाकाठी एक रिक्सिया सापडली होती. ती नेहमीच्या रिक्सियाहून वेगळी आहे असं त्यांना वाटलं. दोन वर्षं तिचे बीजाणू काढून, चित्रं करून, त्यांनी तिच्यावर लेख लिहिला आणि गावाच्या नावावरून तिला नाव दिलं. त्यांनी आयुष्यात नाव दिलेली ही एकुलती एक वनस्पती. पुढे एका मोठ्या विद्वानांनी आपल्या जाडजूड ग्रंथात एका ओळीत तिचा निकाल लावला: ही वेगळी जात नाही, साध्या रिक्सियाचंच एक रूप आहे. तेव्हापासून सरांनी दिलेलं नाव कुणी वापरत नाही. सर त्यावर कधी भांडले नाहीत. फक्त विषय निघाला की म्हणायचे, "त्यांनी माझा तलाव पाहिलेला नाही."

गेल्या दिवाळीनंतर सरांचा फोन आला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते, हे मला माहीत होतं.

"भिंगातून अजून दिसतंय," ते म्हणाले. "किती दिवस दिसेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. तू आता डीएनएचं काम करतेस ना? माझ्या रिक्सियाचं एकदा करून बघ. ती वेगळी आहे की नाही, एवढं मला कळू दे. आणि जे निघेल ते सांग. गोड करून सांगू नकोस."

मी त्याच क्षणी हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

डीएनएवरून जात कशी ओळखतात हे मी वर्गात जर्नलच्या उदाहरणानं सांगते. प्रॅक्टिकलची जर्नलं मुलं एकमेकांची बघून उतरवतात, हे काही गुपित नाही. कुणी कुणाची उतरवली हे मला बरोबर उत्तरांवरून कळत नाही, कारण बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात. ते चुकांवरून कळतं. एकीनं आकृतीत बाण उलटा काढला, की तिच्यावरून उतरवलेल्या पाचही जर्नलांत बाण उलटा असतो. त्या पाचांतल्या एकानं वर स्वतःची आणखी एक चूक घातली, की ती त्याच्यापुढच्या दोघांत जाते. डीएनएचंही असंच आहे. पिढ्यान्‌पिढ्या तीच चार अक्षरांतली लांबलचक ओळ उतरवली जाते, अधूनमधून एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक लेकरांच्या लेकरांत जाते. दोन वनस्पतींच्या ओळी शेजारी ठेवल्या, समान चुका शोधल्या, की कोण कुणाच्या जवळचं आणि कोणती फांदी कधी वेगळी झाली ते मांडता येतं.

सरांच्या बाजूनं निकाल लागेल असं मला वाटायला कारण होतं. आमच्या वेळच्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की रिक्सिया सगळ्यांत साधी, म्हणून सगळ्यांत जुनी. सर उलटं शिकवायचे. ते म्हणायचे, हिच्या पूर्वजांकडे सगळं होतं, श्वासाची छिद्रं होती, बीजाणू उंच धरायला दांडा होता, हिनं ते टाकून दिलं. कोरड्या जागी इतका थाट परवडत नाही. परीक्षेत तसं लिहिलं तर बाहेरचे परीक्षक मार्क कापायचे. पुढे लिव्हरवर्टच्या वंशावळी जनुकांवरून मांडल्या गेल्या तेव्हा रिक्सिया खरोखरच गुंतागुंतीच्या कुळातून निघालेली दिसली. मार्क कापले गेलेल्यांत मीही होते, त्यामुळे मला तो विजय माझाच वाटला होता.

तलावावर गेले तेव्हा वाटेतल्या वस्तीत निम्म्या घरांना कुलपं होती, माणसं ऊसतोडीला गेलेली. पाणी बरंच मागे सरलं होतं आणि गाळावर हिरव्या चकत्यांची नुसती दाटी होती. गुडघे टेकून मी दोन तास तिथे होते. दोन-तीन ठिकाणचे मातीसकट तुकडे काढले, वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधले, जागा आणि तारीख लिहिली. संध्याकाळच्या आत कॉलेजात मायक्रोस्कोपखाली बसलेसुद्धा.

रिक्सियाची जात बीजाणूंवरून ठरते. साध्या रिक्सियाच्या बीजाणूवर बारीक घरांची जाळी असते, सरांच्या रिक्सियाची घरं मोठी, मोजकी. मी एक पिकलेली, पिवळट पडलेली चकती फोडली. आतून काळपट बीजाणू निघाले आणि त्यांच्यावर मोठ्या घरांची जाळी होती. सरांचीच. खुर्चीतून उठून मी प्रयोगशाळेत दोन फेऱ्या मारल्या.

आता डीएनएसाठी तुकडा काढायचा होता. पिकलेली चकती त्यासाठी वाईट, कुजायला लागलेली, बुरशी धरलेली. डीएनए चांगला निघतो तो कोवळ्या, हिरव्या टोकांतून. त्याच पुडीत, त्याच ढेकळावर, अगदी तिला खेटून टवटवीत हिरव्या चकत्या होत्या. मी त्यांची टोकं खुडली, ब्रशनं माती काढली, नळीत घातली आणि पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवून दिली. आपण हुशारीनं काम केलं असंच मला वाटत होतं.

मग वाट पाहणं आलं. रोज सकाळी मोबाईल उघडायचा, ईमेल बघायची, चहा घ्यायचा, पुन्हा बघायची. तासाला शिकवताना टेबलावर मोबाईल पालथा ठेवायचा आणि मधेच सुलटा करायचा. चौथ्यांदा फोन केल्यावर प्रयोगशाळेतला माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, मशीनला घाई कळत नाही." मी त्याच्यावर उगीचच चिडले.

डिसेंबरच्या शेवटी ओळी आल्या. मी त्या साध्या रिक्सियाच्या ओळींशेजारी ठेवल्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एका अक्षराचाही फरक निघाला नाही. तपासलेल्या तिन्ही जनुकांत नाही. पुन्हा करून पाहिलं, तेच. ग्रंथवाले विद्वान बरोबर होते.

नियम असा आहे की एका नमुन्यावर काही ठरवू नये, दुसरा घ्यावा, तिसरा घ्यावा. मी हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण सरांना खरं सांगायचं हे ओझं डोक्यावर घेऊन आठवडे काढणं मला शक्यच नव्हतं. दुपारची गाडी पकडून मी नगरला गेले. बरोबर सरांची मूळ पुडीही डब्यात घालून घेतली होती, ज्या वाळलेल्या चकत्यांवरून त्यांनी नाव दिलं ती. ती आमच्या कॉलेजच्या कपाटात असते. का घेतली ते मला आजही नीट सांगता येणार नाही. रिकाम्या हातानं जाववेना, एवढंच.

सर गॅलरीत उन्हाला बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"एकाही अक्षराचा फरक नाही?"

"नाही सर."

"बरं," ते म्हणाले. मग माझ्या हातातला डबा पाहून म्हणाले, "मूळ पुडी एसटीतून आणलीस? डब्यात घालून?"

आमच्या शास्त्रात एक रीत आहे. पुडीवरची नावाची जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही. मत बदललं की नवी चिठ्ठी लिहायची, तारीख घालायची, सही करायची आणि जुनीच्या खाली डकवायची. पुढे कधी कुणी ती पुडी हातात घेतली, तर कोण काय म्हणालं होतं ते त्याला क्रमानं दिसावं. सरांनी सुनेला कागद आणि डिंक आणायला सांगितला. मोठं भिंग एका हातात, पेन दुसऱ्या हातात, नाक जवळजवळ कागदाला टेकवून त्यांनी साध्या रिक्सियाचं शास्त्रीय नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, माझे पूर्वीचे मत चुकीचे होते. सही केली. अक्षर ओळ सोडून खाली गेलं होतं. पुडी त्यांनी मांडीवर नीट ठेवली, चिठ्ठी डकवली, तळव्यानं दाबली आणि मला परत दिली.

"आता कपाटात ठेव," ते म्हणाले. "चांगलं काम केलंस."

परतीच्या गाडीत मला रडू आलं, पण ते सरांसाठी आलं. स्वतःबद्दल मला तेव्हा काहीही वाटलं नव्हतं. उलट आपण गोड न करता सांगितलं याचं थोडं कौतुकच वाटत होतं.

पण चैन पडेना. काहीतरी राहिलंय असं सारखं वाटत राहिलं, दाराला कडी घातली की नाही अशी रस्त्यात शंका येते तसं. जानेवारीच्या शेवटी नोंदीसाठी मी माझी दिवाळीनंतरची पुडी उघडली. आतल्या चकत्या आता कडकडीत वाळल्या होत्या. आणि त्या दोन तऱ्हेच्या होत्या. काहींच्या कडा आत वळून मिटल्या होत्या आणि त्या कडांना काळपट जांभळ्या खवल्यांची किनार होती. बाकीच्या नुसत्याच आकसल्या होत्या, सपाट, पांढुरक्या कडांच्या. ओल्या असताना ज्यांच्यात फरक दिसत नव्हता त्या वाळल्यावर सरळ वेगळ्या दिसत होत्या. मी एक एक फोडून पाहिली. मिटलेल्यांत पिकलेले बीजाणू होते, मोठ्या जाळीचे. सपाट होत्या त्या बहुतेक कच्च्याच वाळलेल्या. एकीत थोडे बीजाणू धरले होते, त्यांची जाळी बारीक होती.

एकाच ढेकळावर दोन्ही होत्या. सरांची आधी पिकते, साधी मागून. मी ओळख पटवली पिकलेलीवरून आणि तुकडा घेतला कोवळीचा. नाव एकीचं आणि डीएनए दुसरीचा. वाळल्यावर कडा कशा मिटतात हे सरांच्या लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलेलं आहे. मी तो परिच्छेद वाचला होता. विद्यार्थिनी असताना परीक्षेत उतरवलाही होता.

स्वतःला शिव्या देत मी रविवारी पुन्हा तलावावर गेले. एका पुडीवर आता माझाच विश्वास राहिला नव्हता. काठ ओळखू येईना. जेसीबीनं गाळ उपसला होता, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पार रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. शेळ्या राखणारी एक मावशी बाभळीखाली बसली होती. मला चारी बाजूंनी पळताना बघून तिनं हाक मारली.

"काय हुडकताय बाई? काय पडलं का तुमचं?"

"मावशी, इथला गाळ कधी नेला?"

"चार दिस झाले की. समदा रानात नेऊन टाकला. काय हुतं त्यात?"

मी पर्समधली वाळकी चकती तळहातावर ठेवून तिला दाखवली. तिनं वाकून पाहिली.

"ही व्हय? ही लई हाय तिकडं सांडव्याच्या अंगाला. तिकडं मशीन गेलंच न्हाई, दगड हायेत. शेरडंबी तोंड लावत न्हाईत हिला." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "बसा घटकाभर. पळती थोडीच हाय ती."

मी बसले नाही. सांडव्याच्या दगडांमधल्या पट्ट्यात मिटलेल्या कडांच्या चकत्या होत्या, वाळलेल्या, काळ्या पडलेल्या, पण होत्या. या वेळी एक चकती म्हणजे एक पुडी. प्रत्येकीचा अर्धा भाग फोडून बीजाणू पाहायचे, चित्र काढायचं आणि उरलेल्या अर्ध्याचाच तुकडा नळीत. वाळक्या तुकड्यांतून डीएनए कमी निघतो म्हणून प्रयोगशाळेनं दोनदा परत पाठवलं, मी तिसऱ्यांदा पाठवलं. कोवळी टोकं घ्यायचा मोह मला पुन्हा झाला नाही.

एप्रिलमध्ये निकाल आला. सरांची रिक्सिया साध्या रिक्सियाच्या शेजारी नव्हतीच. प्रत्येक चकतीत त्याच त्या बदललेल्या अक्षरांच्या ओळी होत्या. तिची फांदी कितीतरी आधी फुटून निघालेली होती आणि तिच्या जवळचे नातेवाईक दूरच्या वाळवंटी भागातले होते. माझा हा निकाल मी दोन ओळखीच्या अभ्यासकांना तपासायला दिला आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबले. इतके दिवस मी आयुष्यात कधी थांबले नव्हते.

पुन्हा मूळ पुडी घेऊन नगरला गेले. सुनेनं दारातच हळू आवाजात सांगितलं की मार्चमध्ये सरांच्या चांगल्या डोळ्यात रक्त उतरलं. आता उजेड-अंधार कळतो, माणसाची आकृती कळते, बाकी नाही.

सर गॅलरीतच होते. "ये," ते म्हणाले. "आज पाय सावकाश पडतायत तुझे."

मी समोर बसले आणि सांगितलं. पिकलेली, कोवळी, ढेकूळ, सगळं. त्यांना आनंद होईल असं मी गाडीभर मनाशी घोकत आले होते. त्यांचा चेहरा तसाच राहिला.

"या वेळी नमुने कसे घेतलेस?"

तेही सांगितलं. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, परीक्षेत विचारावेत तसे, आणि मान हलवली.

"म्हणजे माझी वेगळी आहे."

"हो सर. तुमचंच बरोबर होतं." मग मला राहवलं नाही. "सर, ती डिसेंबरची चिठ्ठी मी काढून टाकू का? डिंक कच्चा आहे, डाग पडणार नाही. माझ्या चुकीवर तुमची सही राहायला नको."

"चिठ्ठी काढायची नसते," ते म्हणाले. "तुझी लाव खाली. कारण लिही."

मी लिहिलं: आधीचा निर्णय चुकीच्या नमुन्यावरून झाला, नमुना मी घेतला होता, ही जात वेगळी आहे. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग मी सही केली.

"आता पुडी उघड," ते म्हणाले, "आणि काय दिसतंय ते सांग. कडेपासून. घाई करू नकोस."

त्यांनी तरुणपणी बांधलेली ती पुडी मी उघडली आणि भिंगातून एक एक चकती सांगत गेले. कडा कशी मिटलीय, खवले कुठे सुरू होतात, कुठे तुटलेत, रंग कुठे जांभळा आणि कुठे नुसता काळा. मी पुढे सरकले की ते मागे आणायचे, "त्या दोन फाट्यांच्या मधे काय आहे?" मी पुन्हा पाहायची. त्यांच्या लेखात असलेलं सगळं तिथे होतं आणि इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच पाहत होते. सुनेनं ठेवलेला चहा गार झाला.

शेवटची चकती सांगून झाल्यावर मी पुडी मिटली.

"डिसेंबरात ही माझ्या मांडीवर होती," ते म्हणाले. "मला तेव्हा दिसत होतं. पण तू सांगितलंस म्हणून मी उघडून पाहिली नाही."

ते रागावून म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त सांगितलं, आणि माझा आवाज येईना म्हणून, मी अजून समोर आहे का ते हात पुढे करून चाचपून पाहिलं.